मॅक ॲड्रेसवरून चोरीचा लॅपटॉप सापडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात कर्वेनगरला होस्टेलमध्ये राहता. शुक्रवारी दुपारी मेसला गेलात तेवढ्यात खोलीतून लॅपटॉप गेला. विंडोज ११ आहे, पासवर्ड लावलेला आहे, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन होतं. खोक्यावर मॅक ॲड्रेस छापलेला आहे आणि मित्राने सांगितलं की तो दिला की इंटरनेट कंपनी लॅपटॉप कुठे चालू आहे ते काढून देते. चौकीत 'गहाळ' म्हणून अर्ज लिहून घेतला. आणि नेणारा होस्टेलमधलाच किंवा शेजारच्या इमारतीतला असावा असा तुमचा संशय आहे.

मी कॉलेजं, होस्टेलं आणि सोसायट्यांमध्ये वायफाय बसवतो आणि सांभाळतो. एका आवारात शे-दोनशे मुलं राहत असली की लॅपटॉप-मोबाइल जातातच, आणि मग रेक्टरांचा फोन मला येतो. म्हणून या विषयात काय होतं आणि काय होत नाही ते जवळून पाहिलेलं आहे.

आधी मित्राच्या सल्ल्याबद्दल. मॅक ॲड्रेस म्हणजे तुमच्या वायफाय कार्डाचा ४८ बिटांचा क्रमांक, बारा अक्षरांत लिहिलेला. त्यातली पहिली सहा अक्षरं कार्ड बनवणाऱ्या कंपनीला आयट्रिपलई या संस्थेकडून मिळालेली असतात. हा क्रमांक तुमच्या लॅपटॉपपासून पहिल्या राउटरपर्यंतच जातो. राउटर पुढे पाठवताना तो काढून टाकतो आणि स्वतःचा लावतो. इंटरनेट कंपनीला त्या घरातल्या राउटरचा क्रमांक दिसतो, त्याच्यामागच्या लॅपटॉपचा नाही. गूगललाही वेबसाइट उघडल्यावर तो कळत नाही. त्यामुळे 'मॅक दिला की कंपनी शोधून देते' हे होत नाही, आणि पैसे घेऊन असं शोधून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

मग तुमचा खरा प्रश्न काय उरतो? तुमचा लॅपटॉप आत्ता चालू आहे का, आणि असेल तर त्याचं बोलणं ऐकू येईल एवढ्या अंतरावर कुणाचं यंत्र आहे का, आणि ते यंत्र नोंद ठेवतं का. लॅपटॉप बंद असेल तर काहीच ऐकू येणार नाही. तो नगरला किंवा लातूरला गेला असेल तर पुण्यातल्या कुठल्याही ॲक्सेस पॉइंटला, म्हणजे भिंतीवर-छतावर बसवलेल्या वायफायच्या यंत्राला, तो कळणार नाही. पण तुमचा संशय बरोबर असेल, म्हणजे लॅपटॉप त्याच आवारात असेल, तर मॅक ॲड्रेसइतकी चांगली खूण दुसरी नाही. विंडोज फॉरमॅट केलं तरी तो बदलत नाही. वायफाय कार्डच बदललं किंवा सेटिंगमध्ये जाऊन रँडम पत्ता चालू केला तरच बदलतो, आणि विंडोजमध्ये ते मुळात बंद असतं. फोनचं तसं नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक दाखवतात, म्हणून फोन शोधायला ही वाट जवळजवळ बंद झाली आहे.

आता एक गोष्ट, जी लोक नेमकी उलटी करतात. चोरी झाली की घाबरून सगळे पासवर्ड बदलतात, त्यात होस्टेलच्या किंवा खोलीतल्या वायफायचाही बदलतात. ईमेल आणि बँकेचे जरूर बदला, आजच बदला, फक्त ईमेलचा बदलण्याआधी पुढे सांगितलेले स्क्रीनशॉट घ्या. पण वायफायचं नाव आणि पासवर्ड काही आठवडे तसेच राहू द्या. तुमच्या लॅपटॉपला ते नेटवर्क पाठ आहे. विंडोजवर साठवलेलं साधं वायफाय लॉगिनच्या आधीच, पासवर्ड विचारणाऱ्या पडद्यावरच जोडलं जातं. कुणी उत्सुकतेने झाकण उघडून बटण दाबलं की लॅपटॉप आपणहून जुन्या ओळखीच्या नेटवर्कला जाऊन मिळतो आणि तिथे त्याची नोंद होते. पासवर्ड बदललात तर ही जोडणी होणारच नाही.

तुमच्या खोलीत स्वतःचा छोटा राउटर असेल तर तो बंद करू नका. साध्या राउटरमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी रिस्टार्ट केली की पुसली जाते. मोबाइलवरून राउटरच्या पानावर जा, ती यादी उघडा, लॅपटॉपचं नाव आणि त्यासमोरचा मॅक यांचा फोटो घ्या. हे अशासाठीही सांगतो की खोक्यावर छापलेला मॅक बऱ्याचदा वायरच्या पोर्टचा असतो, वायफायचा वेगळा असतो. चुकीचा क्रमांक घेऊन आठवडाभर लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या नोंदी, चाळलेले लोक मी पाहिले आहेत. दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो रँडम पत्ता आहे, त्यावर विसंबू नका.

होस्टेलचं वायफाय कॉलेजने किंवा ठेकेदाराने बसवलेलं असेल तर त्यामागे बहुधा एक कंट्रोलर असतो. सगळे ॲक्सेस पॉइंट त्याला जोडलेले असतात आणि कोणता मॅक, कधी, कुठल्या ॲक्सेस पॉइंटला, किती सिग्नलने जोडला गेला, हे तिथे दिसतं. लॉगिन पानावर नाव-पासवर्ड टाकायच्या आधीच ही जोडणी नोंदली जाते, हे लक्षात ठेवा. नोंद किती दिवस टिकते हे मात्र त्या यंत्रणेवर अवलंबून आहे. कुठे काही दिवस, कुठे महिने. म्हणून रेक्टरांना आजच लेखी अर्ज द्या: अमुक मॅकची शुक्रवारपासूनची नोंद जपून ठेवावी आणि तो पुन्हा दिसला तर सूचना मिळेल असं लावावं. बहुतेक कंट्रोलरमध्ये अशी सूचना लावता येते.

एका कॉलेजच्या होस्टेलमध्ये असंच झालं होतं. लॅपटॉप गेल्यावर दोन-तीन आठवडे काहीच दिसलं नाही. मग एका रात्री तो मॅक कंट्रोलरवर उमटला, पण लॅपटॉपचं नाव बदललेलं होतं. म्हणजे फॉरमॅट झाला होता. बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ॲक्सेस पॉइंटला उणे ५६ डीबीएम (हे सिग्नलच्या जोराचं माप) सिग्नल, तिसऱ्या मजल्यावरच्याला उणे ६४, आणि त्यासमोर एका तिसऱ्याच मुलाचा लॉगिन आयडी. रेक्टर लगेच त्या मुलाच्या खोलीत जायला निघाले होते. मी थांबवलं. लॉग पोलिसांकडे गेला, त्यांनी विचारपूस केली, तेव्हा कळलं की त्या मुलाने तो बाहेरच्या कुणाकडून पावतीशिवाय स्वस्तात घेतला होता. लॅपटॉप मिळाला, पण ज्याचं नाव लॉगमध्ये होतं तो चोर नव्हता. रेक्टरांनी त्या रात्री मजल्यावर आरडाओरडा केला असता तर एका मुलावर कायमचा शिक्का बसला असता.

सिग्नलच्या आकड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो. डीबीएमचे आकडे उणे असतात. उणे ३० म्हणजे लॅपटॉप ॲक्सेस पॉइंटला जवळजवळ खेटून, उणे ६५ च्या आसपास चांगली रेंज, उणे ९० म्हणजे तुटण्याच्या बेतात. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डीबीने पडतो. पण होस्टेल म्हणजे मैदान नव्हे. प्लायवूडचं पार्टिशन असेल तर फारसा फरक पडत नाही, आरसीसीची भिंत आणि लोखंडी कपाट मध्ये आलं की बराच पडतो, आणि वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झवर २.४ पेक्षा जास्त पडतो. कॉरिडॉरच्या टोकाच्या ॲक्सेस पॉइंटपेक्षा बरोबर खालच्या मजल्यावरचा ॲक्सेस पॉइंट अधिक जोरात ऐकतो, असं मी कितीदा पाहिलंय. म्हणजे लॉगमध्ये 'दुसरा मजला' लिहिलेलं असलं तरी लॅपटॉप तिसऱ्यावर असू शकतो. आकडा आवाज किती मोठा येतोय ते सांगतो, कुठून येतोय ते सांगत नाही.

म्हणूनच हातात लॅपटॉप आणि अँटेना घेऊन फिरून शोधण्याची जी पद्धत आहे, तिला मर्यादा आहेत. पद्धत खरी आहे. वायफायचा मजकूर पासवर्डने कूटबद्ध असला तरी प्रत्येक संदेशाच्या डोक्यावरचे मॅक ॲड्रेस उघडेच असतात, त्यामुळे त्या नेटवर्कमध्ये न शिरताही ऐकणाऱ्याला ते दिसतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या आयोवा सिटीचे पोलीस अधिकारी डेव्हिड श्विंट यांनी २०१५ मध्ये याच तत्त्वावर एक प्रोग्राम लिहिला. गस्तीच्या गाडीतल्या लॅपटॉपला छोटी अँटेना लावायची, चोरीच्या वस्तूंचे मॅक ॲड्रेस त्यात भरून ठेवायचे, गाडी नेहमीसारखी फिरत राहिली की त्यातला एखादा ऐकू आला तर सूचना येते. कल्पना उत्तम होती. पण तिच्या दोन अटी त्या वेळीही होत्या आणि आजही आहेत: वस्तू चालू असली पाहिजे, तिचं वायफाय चालू असलं पाहिजे. शिवाय मालकाकडे मॅक लिहिलेला असला पाहिजे, आणि तो बहुतेकांकडे नसतो. तुमच्याकडे आहे, म्हणून तर एवढं लिहितोय.

आम्ही इमारतीत असं शोधतो तेव्हा आधी कंट्रोलरवरून मॅक कोणत्या चॅनेलवर आहे ते बघतो आणि ऐकणारं यंत्र त्या एकाच चॅनेलवर स्थिर करतो. नाहीतर यंत्र चॅनेल बदलत राहतं आणि नेमका बोलतो त्या क्षणी ते दुसरीकडे असतं. मग एका दिशेने ऐकणारी अँटेना हळूहळू फिरवायची, प्रत्येक ठिकाणी थांबून आकडे लिहायचे, पाठ वळवून पुन्हा लिहायचे. आपलं शरीरही सिग्नल अडवतं, त्यामुळे मागून येणारा आवाज लगेच खाली जातो. एवढं करून आम्ही 'या विंगचा हा कोपरा, या दोन-चार खोल्या' इथपर्यंत येतो. खोली क्रमांक सांगता येत नाही. जो छातीठोक सांगतो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

हे तुम्ही स्वतः करू नका, आणि केलंत तरी दार वाजवू नका. नकाशावरच्या ठिपक्यावर विसंबलं की काय होतं त्याचं उदाहरण अमेरिकेतल्या डेन्व्हरचं आहे. जानेवारी २०२२ मध्ये चोरीला गेलेल्या ट्रकमधल्या आयफोनचं ठिकाण ॲपलच्या 'फाइंड माय' या शोधायच्या सोयीवर एका घराजवळ दिसलं. नकाशावरच्या अंदाजाच्या वर्तुळात आजूबाजूच्या इतरही जागा येत होत्या. पोलिसांनी शस्त्रसज्ज पथक पाठवून एका ७७ वर्षांच्या आजींच्या घराची झडती घेतली. तिथे काहीच नव्हतं. मार्च २०२४ मध्ये ज्यूरीने त्यांना ३७.६ लाख डॉलर भरपाई दिली. तिथे झडतीचा आदेश घेतलेले पोलीस चुकले, मग आपण दोन मित्र घेऊन एखाद्याच्या खोलीत शिरलो तर काय होईल याचा विचार करा. तसंच संशयिताच्या राउटरमध्ये शिरून यादी बघण्याच्या भानगडीत पडू नका. ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तुमच्यावरच येईल.

आता मॅकपेक्षा लांबवर जाणारी वाट. तुमचं लॉगिन मायक्रोसॉफ्ट अकाउंटने होतं, तर मोबाइलवरून त्या अकाउंटमध्ये जाऊन 'फाइंड माय डिव्हाइस' बघा. ते आधीपासून चालू असलं तरच उपयोग आहे, आता चालू करता येत नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएस नसतो. तो आसपासच्या राउटरची नावं आणि क्रमांक ऐकतो, आणि कुठला राउटर कुठे आहे याच्या मोठ्या यादीशी ते जुळवून ठिकाण ठरतं. म्हणून ठिकाण चुकीचंही येतं. नागपूरहून एखादा मुलगा आपला राउटर घेऊन पुण्यात आला तर काही काळ नकाशा नागपूर दाखवू शकतो. ठिपका नागपूरला दिसला म्हणून नागपूरची गाडी पकडू नका.

गूगल अकाउंटमध्येही 'तुमची उपकरणं' या पानावर तो लॅपटॉप शेवटी कधी दिसला ते कळतं, आणि जीमेलमध्ये खाली कोपऱ्यात शेवटच्या हालचालींच्या तपशिलात आयपी ॲड्रेस, म्हणजे त्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, मिळतो. आधी या सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, मग पासवर्ड बदला आणि त्या उपकरणाला साइन आउट करा. उलटा क्रम केलात तर चोरीनंतरची नोंद शोधणं अवघड होतं. चोरीनंतरच्या वेळेचा आयपी मिळाला तर तो फार मोलाचा, कारण तो इंटरनेट कंपनीकडून ग्राहकापर्यंत नेता येतो. पण एक अडचण आहे. मोबाइल कंपन्या आणि बरेच ब्रॉडबँडवाले एकाच जुन्या पद्धतीच्या आयपीमागे शेकडो ग्राहक ठेवतात. म्हणून नुसता आयपी पुरत नाही. वेळ सेकंदापर्यंत हवी, शक्य असेल तर पोर्ट क्रमांक (एकाच आयपीमागच्या जोडण्या वेगळ्या ओळखायचा आकडा) हवा, आणि ती वेळ आपली आहे की यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ते स्पष्ट लिहायला हवं. दोन्हींत साडेपाच तासांचा फरक आहे, आणि तेवढ्या वेळात तोच आयपी भलत्याच माणसाकडे गेलेला असतो. नवा, लांबलचक आयपीव्ही६ पत्ता मिळाला तर काम बरंच सोपं होतं. ही माहिती कंपनी तुम्हाला देणार नाही, पोलिसांनी मागितली तरच देईल.

म्हणून 'गहाळ' अर्जाचा मुद्दा. गहाळचा दाखला हा वस्तू हरवल्याची नोंद आहे, त्यावर तपास होत नाही. खोलीतून उचलून नेलं ही चोरी आहे, आणि राहत्या जागेतली आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५ त्यासाठी आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचं. पुन्हा जा आणि गुन्हा नोंदवायला सांगा. घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे वरिष्ठांना, म्हणजे जिल्ह्यात अधीक्षकांना आणि शहरात उपायुक्तांना, लेखी तक्रार पाठवता येते. भांडायची गरज नसते. मी बघितलंय, माणूस नीट कागद घेऊन गेला की ठाणे अंमलदारही नीट ऐकतात. गुन्हा नोंदला की तपासी अंमलदार कलम ९४ ची नोटीस देऊन कॉलेजकडून लॉग आणि इंटरनेट कंपनीकडून ग्राहकाची माहिती मागवू शकतात. कुणी चोरीचा आहे हे माहीत असून लॅपटॉप घेतला असेल, तर त्याच्यासाठी न्याय संहितेचं ३१७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६बी आहे.

अर्जात लॅपटॉपचा सीरियल नंबर, वायफायचा आणि वायरचा असे दोन्ही मॅक, खरेदीची पावती, लॅपटॉप शेवटचा नेटवर्कवर दिसल्याची वेळ, आणि असल्यास चोरीनंतरचा आयपी व त्याची वेळ, हे सगळं एका पानावर टाइप करून न्या. लॅपटॉप मिळाला की तो मुद्देमाल म्हणून जप्त होईल, आणि कोर्टातून सुपूर्तनाम्यावर सोडवताना तो तुमचाच आहे हे याच पानावरून सिद्ध करावं लागेल. सापडलेल्या लॅपटॉपचा मॅक आणि तुमच्या जुन्या राउटरच्या फोटोतला मॅक जुळला की वादाला जागा राहत नाही. माझ्या मते मॅक ॲड्रेसचा सगळ्यात भक्कम उपयोग इथे होतो.

लॅपटॉपबरोबर फोनही गेला असेल किंवा हे वाचणाऱ्या कुणाचा गेला असेल, तर त्याची वाट वेगळी आहे. फोनला पंधरा आकडी आयएमईआय असतो आणि तो मोबाइल टॉवरपर्यंत जातो. मुंबईत सप्टेंबर २०१९ मध्ये सीईआयआर ही यंत्रणा प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, मे २०२३ पासून ती 'संचार साथी' पोर्टलवर सगळ्या देशासाठी आहे. पोलीस तक्रारीची प्रत आणि आयएमईआय देऊन फोन ब्लॉक करता येतो, आणि त्यात कुणी सिम घालून तो वापरायचा प्रयत्न केला तर माग पोलिसांना मिळतो. आयफोन असेल तर 'फाइंड माय' मधून तो काढून टाकू नका, काढलात की त्याचं कुलूप उघडतं. 'तुमचा फोन सापडला, इथे पासकोड टाका' असा मेसेज येईल, तो चोरांच्या टोळीचा असतो.

पुढच्या लॅपटॉपसाठी लोक ब्लूटूथ टॅग, म्हणजे वस्तू शोधायचं छोटं बटणासारखं यंत्र, सुचवतील. बॅगेत ठेवायला हरकत नाही, पण चोर बॅग फेकून देतो, आणि अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना त्याच्या फोनवरही येते. ती सूचना कुणाच्या पाळतीवर राहू नये म्हणून आहे आणि ती हवीच. मॅकबुक झाकण बंद असतानाही ब्लूटूथने आपली खूण सोडत राहतं, जवळून जाणारे आयफोन ती ॲपलपर्यंत पोचवतात. तुमच्यासारख्या विंडोज लॅपटॉपमध्ये तशी सोय नाही.

तर आज रेक्टरांना अर्ज, अकाउंटचे स्क्रीनशॉट, मग पासवर्ड, आणि उद्या सकाळी पोलीस ठाणे, हा क्रम ठेवा. होस्टेलचं वायफाय कोणत्या कंपनीच्या ॲक्सेस पॉइंटवर चालतं ते त्यावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तेवढं कळवलंत तर त्या कंट्रोलरमध्ये जुनी नोंद नेमकी कुठल्या पानावर असते आणि सूचना कशी लावायची ते सांगतो, म्हणजे रेक्टरांच्या माणसाला शोधत बसायला नको.